चढ-उतार

फोंडा–शिरोडा, एकतीस वर्षं,
कदंबाच्या खाकीत माणसं मोजली.
आता घरी बसलोय, पण बोटांची सवय जात नाही;
उरलेल्या कोऱ्या वे-बिलांच्या मागे
परसातली नोंद ठेवतो,
कार्बन घालून, दोन प्रती.
दुसरी प्रत कुणाला द्यायची, ते ठरलेलं नव्हतं.

सात जून. बिमलीखाली बेडूक एक, घसा फुगवून.
आठ जून. तोच. माझ्या मते तोच.
चिमणी: शून्य. शून्य. शून्य.
शून्य लिहितानाही पेन्सिल दाबावी लागते,
नाहीतर खालच्या प्रतीवर उमटत नाही.

सुलक्षाला वाटतं, काम नाही म्हणून हे चाललंय.
कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या तशी ती खराटा घेऊन आली.
बरीच बाचाबाची झाली.
शेवटी झाडाची वाटणी केली, भावाभावांत होते तशी:
विहिरीकडची फांदी आमटीला,
न्हाणीकडची अळ्यांना.
परवा पाहुणे आले, पानं कमी पडली,
तर ती कायतानकडे मागायला गेली.
न्हाणीकडच्या फांदीला हात लावला नाही.
मी काही बोललो नाही. फक्त नोंदलं.

गडगा कोसळला तेव्हा यल्लप्पाला सांगितलं,
खालच्या ओळीत एक चिरा घालू नकोस.
तो म्हणाला, भोक ठेवायलाही मजुरी तेवढीच.
दिली.
त्या भोकातून मुंगूस जातं, सकाळी साडेसहाला,
आमच्या पहिल्या गाडीपेक्षा वेळेवर.
एकदा धामणही गेली.
ते सुलक्षाला अजून सांगितलेलं नाही.

काजव्यांचं पान वेगळं.
पहिल्या वर्षी लिहिलंय: फुल्ल. उभ्यानेही जागा नाही.
भिरंडीच्या झाडावर एवढी गर्दी
की मोजणं सोडून नुसता दारात उभा राहिलो.
मग एकशेदहा. मग चाळीसेक.
मग कायतानच्या पोरानं बोटीवरून पैसे पाठवले,
गडग्यावर चार दिवे लागले, दुधासारखे पांढरे,
इतके, की आमच्या न्हाणीत साबण शोधायला बल्ब नको.
त्या वर्षी: सहा.

मी तक्रार घेऊन गेलो नाही.
वे-बिलं घेऊन गेलो.
कायताननं चष्मा पुसला,
आकडे वरून खाली वाचले, मग खालून वर,
जणू तिकिटांचा हिशेब कुठेतरी चुकलाय.
म्हणाला, दिवे चोरांसाठी लावलेत रे.
म्हटलं, चोर आले तर तेही मोजीन.
तो हसला नाही.

त्या रात्री दिवे जळत होते. दुसऱ्या रात्रीही.
तिसऱ्या रात्री सव्वासातला
गडग्यापलीकडे खटका पडल्याचा आवाज झाला
आणि अंधार आमच्या परसात शिरला,
चरून आलेली गुरं शिरतात तसा,
वाट पाठ असल्यासारखा.

आता मे संपत आलाय.
गडग्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या.
बोलत नाही, डास मारतो.
सुलक्षा दार लोटून आतला उजेड अडवते
आणि आतूनच विचारते, आला का कोण?
काल नऊपर्यंत कोणी नाही.
कायतान उठणार, एवढ्यात
भिरंडीच्या खालच्या फांदीवर
एक.
विझला. थोडा सरकून पुन्हा एक.
तोच असणार.

रात्रीच्या शेवटच्या गाडीत कधीकधी
बोरीच्या पुढे एकच पॅसेंजर उरायचा,
झोपेत, मांडीवर रिकामी पाटी.
ड्रायव्हर आरशातून बघायचा: न्यायची ना रे?
मी दोरी दोनदा ओढायचो.

अंधारात, अंदाजानं, पेन्सिल दाबून लिहिलं.
खालच्या प्रतीवर उमटलं की नाही, बोटानं चाचपून पाहिलं.
मग ती फाडून
गडग्यावरून कायतानला दिली.